वरणाची वाटी

देवकाबाईने दाराकडे एकदा पाहिले आणि पदराआडची बाटली वरणाच्या वाटीवर उपडी केली. थेंब पडले. त्यांना रंग नव्हता, वास नव्हता, चवही नव्हती. ढवळताना तिने चमचा वाजू दिला नाही.

"भूपेंद्र, ये बाप्पा. गरम आहे तवर जेवून घे."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावले होते, औषध चुकवू नका; पण औषधाने मान आखडली, जबडा वळला तर ताबडतोब घेऊन या. गोळीला मात्र भूपेंद्र हात लावत नव्हता. आई आपल्याला विष घालते हा संशय, हेच तर त्याचे दुखणे होते. म्हणून हे थेंब. तिने ते सुनेलाही सांगितले नव्हते. हर्षाच्या तोंडून निसटले तर पोरगा घरचे अन्नच सोडेल, ही धास्ती.

ताट रोज लख्ख होऊन मोरीत येई. देवकाबाई मुलाची मान न्याहाळी. मान सरळ होती. संशयही जिथल्या तिथे होता. डॉक्टरांनी थेंब वाढवले.

हर्षाच अलीकडे आखडल्यासारखी चाले. हातातून पेला निसटे.

"काऊन वो, झोपेत चालून राह्यली का?" देवकाबाई डाफरे.

आज स्वयंपाकघरात ताट आदळले. देवकाबाई धावली. हर्षा नवऱ्याच्या ताटावर बसली होती. नवऱ्याचे झाले की त्याच्याच ताटात बायकोने जेवायचे, ही त्या घरची रीत. तिची मान मागे वळून आढ्याकडे गेली होती. डोळे वर चढले होते, जबडा एका बाजूला ओढला होता. ती शुद्धीत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

एसटीडी फोनवरचे गिऱ्हाईक तसेच सोडून देवकाबाईचा नवरा हिरालाल दुकानातून आत आला. "बाहेरचं आहे हे! बुवाले आणतो."

देवकाबाईची नजर वाटीवर गेली. वाटीत जेमतेम घोटभर वरण उरले होते.

"भूपेंद्र, तू वरण खाल्लं नाई?"

"मी कधीच खात नाई," दारातून भूपेंद्र म्हणाला. "ही रोज माह्यासमोर खाऊन दाखवते. म्हणते, पाहा जी, विष असतं तर मले काई झालं नसतं का?"

हिरालालने चपला घातल्या. देवकाबाई गप्प राहिली असती, तर सून अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेली असती. बोलली, तर मुलगा पुन्हा तिच्या हातचे पाणीही पिणार नव्हता. हर्षाच्या घशातून घरघर येऊ लागली.

"बुवा नको. वर्ध्याले न्या इले," देवकाबाई म्हणाली. "वरणात म्या टाकलं होतं."

भूपेंद्रच्या चेहऱ्यावरची कितीतरी दिवसांची भीती उतरली. तो अगदी शांत दिसू लागला.

"पाह्यलं, बाबा?" तो म्हणाला. "मी येडा नाई."