रथ पुरताना

पिवळ्या नदीकाठचे सरदार वारले आणि रिवाजाप्रमाणे त्यांचा रथही चार जिवंत घोड्यांसह पुरायचं ठरलं. पण घोडे उतारावरून खड्ड्यात उतरेनात. तेव्हा म्हाताऱ्या सारथ्याला, यीनला, बोलावणं गेलं. आपल्यालाही मातीआड करणार हे धरून तो बायकोचा निरोप घेऊनच आला. तो पुढे झाला तसे चारही घोडे मुकाट त्याच्यामागे उतरले. त्यानं त्यांना रथाला जुंपलं आणि तो चाकाला टेकून बसला. वरून सरदारांचा मुलगा ओरडला, “अहो यीनकाका, बसलात काय? वर या! उद्यापासून माझा रथ काय तुमची बायको हाकणार आहे?” यीन ताडकन उठला. जगायचं होतं त्याला. तो घाईनं उतार चढू लागला, तसे घोडेही रथ ओढत मागोमाग निघाले. यीन वळला. रोजच्याच शांत आवाजात त्यानं त्यांना सांगितलं, “थांबा रे.” चारही घोडे थांबले.