मधलं नाव

सुलभाने कार्डचा नंबर टाकला आणि बटण दाबलं. थोडेसे डॉलर भरले की सिंगापूरमधलं कुठलंही घर कुणाच्या नावावर आहे ते सरकारी साइटवर कळतं, हे तिला शेजारच्या नंदाने शिकवलं होतं. भाड्याने घर घेताना घरमालक खरा की खोटा हे बघायला सगळेच ती साइट उघडतात. नवरा खरा की खोटा हे बघायला उघडणारी सुलभा बहुधा पहिलीच.

पत्ता तिने स्वतः मिळवला होता. हल्ली दर शनिवारी मनोहर ऑफिसचं काम म्हणून बाहेर पडायचा आणि तिच्या हातच्या नारळाच्या वड्यांचा डबा बरोबर न्यायचा. मागच्या शनिवारी ती मागोमाग गेली. वन-नॉर्थचं ऑफिस सोडून गडी थेट बुकित पंजांगला उतरला आणि एका जुन्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या दारात उभा राहिला. सुलभाला समोरच्या ब्लॉकमधून एवढंच दिसलं, की दार एका बाईने उघडलं. चेहरा आतच राहिला. हात दिसला, आणि मनगटावर हिरवा रंग.

पुण्यात आजेसासूबाई ह्या माणसाला अजून 'बाळ' म्हणतात. त्याचे आजोबा बोटीवर नोकरीला गेले ते परत आले नाहीत. आजींनी कुंकू पुसलं नाही की नवऱ्याचं नाव कधी तोंडी घेतलं नाही, आणि नेमकं तेच नाव नातवाला ठेवलेलं. म्हणून पंचेचाळीस वर्षांचा मॅनेजर अजून बाळच. बाळाचे हे गुण!

स्क्रीनवर मालकिणीचं नाव आलं: जाई मनोहर देवधर.

सुलभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी म्हणावी, तर इथे बिनलग्नाच्या बाईला पस्तिशी उलटल्याशिवाय सरकारी फ्लॅट मिळत नाही. म्हणजे बायकोच. मधलं नाव त्याचं, आडनाव त्याचं, हातात हिरवा चुडा. लफडं असतं तर एकवेळ समजलं असतं, हा तर मांडलेला संसार होता. आणि वड्या आपल्या!

संध्याकाळी चहा देताना तिने सहज विचारलं, "शनिवारी एवढं काय काम असतं रे?"

मनोहरने कपात बघितलं. "सांगेन. थोडं थांब. विश्वास ठेव माझ्यावर."

"विश्वास गेला पानिपतात."

तो कसनुसा हसला. "पुण्याला मात्र काही बोलू नकोस हं. आजींच्या कानावर उगाच काहीबाही जायला नको."

चोराच्या मनात चांदणं, सुलभा मनात म्हणाली. ती जाई रूपाने कशी असेल, वयाने किती लहान असेल, ह्याच विचारात तिचे पुढचे दोन दिवस गेले. पोळ्या करपल्या. आरशासमोर उभं राहणंही तिने टाळलं.

बुधवारी तो ऑफिसला गेल्यावर ती निघाली. एलआरटीच्या गाडीत बसल्या बसल्या तिने त्या नावाचा फोटो सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं, 'हे सिंगापूरचं एक घर. मालकिणीचं नाव वाचा.' सासूबाई आलेला प्रत्येक मेसेज आजींना मोठ्याने वाचून दाखवतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. कळू दे सगळ्यांना. तिला फार बरं वाटलं.

तिने बेल वाजवली. चार वाक्यं पाठ केली होती.

दार उघडलं सत्तरीकडे झुकलेल्या बाईने. आखूड पांढरे केस, बारीक चिनी डोळे, आणि मधोमध चक्क मनोहरचं नाक. मनगटात जेडची हिरवी बांगडी. पाठ केलेल्या चारांपैकी एकही वाक्य इथे लागू पडेना.

"यू सुलभा, राइट? कोकोनट वडीवाली! कम इन लाह." बाई खुशीत होती. तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. बोटीवरच्या गणवेशातला एक तरुण, हुबेहूब मनोहर, आणि शेजारी एक चिनी मुलगी. "माय फादर. युअर मनोहर सेम नेम, सेम फेस!" मग तिने आवाज खाली आणला. "बट इंडियाची ग्रँडमदर कॅनॉट नो, हां. मनोहर सेज शी विल डाय."

सुलभाने घाईघाईने पर्समधून फोन काढला. मेसेज वाचला गेला होता. हातातच तो वाजू लागला. नंबर सासूबाईंचा होता, आवाज आजींचा.

"सुलभा, मुलगी झाली तर जाई नाव ठेवायचं, हे मी आणि मनोहरांनी ठरवलं होतं." मग आजींनी विचारलं, "हिची आई दिसायला कशी होती गं?"