रोजची खडखड

देवास गेटजवळच्या गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन खुलं पडलं होतं. ऑइल गळतंय म्हणून उघडलं, आणि आत वेगळंच निघालं.

"बाबूजी, टाइमिंग चेन ढीली हो गई है," दिलीप मिस्त्री समोर येऊन म्हणाला. "चलती गाड़ी में टूटी, तो इंजन वहीं बंद. अभी खुला है, बदल दूँ? सुबह चालू करते वक्त खड़खड़ करती होगी."

"बिलकुल नहीं." श्रीनाथराव हसले. "इस गाड़ी की नस-नस पहचानता हूँ. आवाज़ होती तो मुझे नहीं आती? रहने दो."

शेजारी उभ्या सुलभाताईंनी नवऱ्याकडे चमकून पाहिलं.

ती खडखड त्यांना रोज सकाळी स्वयंपाकघरात ऐकू यायची. कुकर चालू असला तरी. आणि हे तर गाडीतच बसलेले असत, शेजारी दप्तर मांडीवर घेऊन नात, इशिता.

मग एकेक आठवायला लागलं. इंदूर रोडवर मागचा ट्रक हॉर्न वाजवून दमला, तरी ह्यांनी बाजू दिली नव्हती. तेव्हा तो हट्ट वाटला होता. पाठीमागून हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाहीत, तो रुसवा वाटला होता.

'असू दे, बदलूनच टाका,' एवढंच आपण म्हटलं असतं तरी भागलं असतं. मिस्त्रीसमोर कुणाचा मान गेला नसता. आणि उद्या इशिता पुन्हा ह्यांच्या शेजारी जाऊन बसली असती.

"आवाज येतो," त्या म्हणाल्या. "रोज येतो, अहो."

श्रीनाथराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. हसू हळूहळू मावळलं.

"मग मला कसा नाही आला?"

दिलीप उगाच पाना पुसत राहिला.

"बदल दो," श्रीनाथराव म्हणाले.

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार झाली. श्रीनाथराव गॅरेजच्या तोंडाशी, रस्त्याकडे बघत उभे होते. मागे दिलीपनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, एकसारखं चालत राहिलं.

"अरे भई, चालू तो करो," श्रीनाथराव न वळताच म्हणाले.

दिलीप सुलभाताईंकडे बघू लागला. त्या पुढे झाल्या. नवऱ्याला दंडाला धरून त्यांनी गाडीशी आणलं आणि त्यांचा तळवा बॉनेटवर टेकवला.

श्रीनाथरावांनी हात लगेच काढला नाही. पत्र्याबरोबर त्यांची बोटं थरथरत होती. इंजिन बंद झालं, तेव्हाच त्यांनी तो उचलला.

दिलीपनं किल्ली पुढे केली. श्रीनाथरावांनी ती घेतली, सुलभाताईंच्या हातात ठेवली आणि त्यांची मूठ बाहेरून घट्ट मिटून धरली.

सुलभाताईंना गाडी चालवता येत नव्हती.