आमच्या नळाचं पाणी

बेघरांच्या निवाऱ्यात आणलेल्या, शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजीचा धर्म कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून भेटीला आलेल्या इब्राहिमभाईंनी उशाशी तीन बाटल्या मांडल्या. गंगेचं पाणी, मक्केच्या झमझम विहिरीचं, चर्चमधलं.

“आजी, तोंडात कुठलं पाणी घालू?”

“मरू तर दे आधी!” ती खोकत हसली. मग डोळे मिटून म्हणाली, “आमच्या नळाचं आण, लेका. पुलाखालच्या. त्याच्याच शेजारी चूल मांडली जन्मभर. मला घर म्हणून तेवढंच.”

इब्राहिमभाई सायकलवरून पुलाखाली गेले. फूटपाथवरच्या झोपड्या काढून तिथं कुंड्या ठेवल्या होत्या. नळही उखडलेला. रिकामी बाटली घेऊन ते परतले आणि निवाऱ्याच्याच नळावर त्यांनी ती भरली.

“घ्या आजी, तुमच्या नळाचं.”

तिनं घोट जिभेवर घोळवला.

“आमच्या पाण्याला गंजाची चव होती रे. नळ काढला ना?”

इब्राहिमभाईंनी होकारार्थी मान डोलावली.

त्यांच्या बाहीवर रस्त्याची धूळ होती. तिनं ती हळूच झटकली.

“तरी जाऊन आलास तिथवर,” ती म्हणाली. “मग हेच पाज.”