सातवा उमेदवार

लंडनच्या एका रुग्णालयात मेट्रन झालेली रोव्हेलिन नर्स निवडायला अकरा वर्षांनी आपल्या गावी, इलोइलोला आली होती. सातवे उमेदवार म्हणून डॉ. एस्कालान्ते आत आले. परदेशी जाता यावं म्हणून इथले कितीतरी डॉक्टर करतात, तसा त्यांनीही पन्नाशीत नर्सिंगचा कोर्स केला होता. तिला त्यांनी ओळखलं नाही. वॉर्डातल्या नर्सच्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलं असेल तर ना!

"डॉक्टरांनी तान्ह्या बाळाला दहापट डोस लिहून दिला, तर काय कराल?" तिने विचारलं.

"त्यांच्या लक्षात आणून देईन, मॅडम."

"आणि ते सगळ्यांदेखत ओरडले, 'डॉक्टर मी की तू? मुकाट्याने दे, नाहीतर चालती हो', तर?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटताच त्यांनी मान खाली घातली.

"नोकरी गेली तरी चालेल," ते म्हणाले, "पण तो डोस देणार नाही."

"मीही नव्हता दिला," रोव्हेलिन म्हणाली आणि अर्जावर सही करून तिने हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर. आता कुठे तुम्ही नर्स झालात."