पाण्यातला हात

दुपारी वीज गेली आणि काचेच्या टाकीतला पंप थांबला. खाऱ्या पाण्यातली प्रवाळं मिटू लागली, म्हणून केतकी हाताने पाणी ढवळत राहिली. तिचा खांदा भरून आला.

सासू गेल्यावर तिने सासऱ्यांना रेवदंड्याहून नागपूरला आणलं होतं. तेव्हापासून धर्माजी तांडेल कुणाशीच बोलले नव्हते. आता ते खिडकीपासून उठले आणि त्यांनीही पाण्यात हात घातला.

निळ्या पाण्यात संथ लाटा उठल्या. समुद्रफुलाच्या पाकळ्या डोलू लागल्या आणि नारिंगी मासा त्यांच्या बोटांमधून सुळकन गेला. धर्माजींनी डोळे मिटले.

"दमाल बाबा. मी करते."

"राहू दे गं पोरी. होडीत बसली, की तुझी सासू असाच हात पाण्यात सोडायची..."

वीज आली, तरी ते तिच्याबद्दल बोलतच होते.