आरशाची पसंती

कचेरीच्या वेशभूषा पार्टीत नायक कोणी व्हायचं आणि खलनायक कोणी, हे साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. आपल्याला खलनायिका केलंय हे कळताच टायपिस्टबाई तणतणत पोशाखांच्या दुकानात गेल्या आणि मुद्दाम नायिकेचा पांढरा झगा अंगातल्या कपड्यांवरच चढवला.

आरशात तो काळा दिसला.

"आरशात दिसेल तोच भाड्याने देतो. इथली पद्धत आहे," दुकानदार म्हणाला.

"आधी साहेब, आता आरसा. मला कोणी विचारणार आहे की नाही?" बाईंनी झगा उतरवून त्याच्यापुढे भिरकावला.

आरशातल्या बाईच्या अंगावर काळा झगा तसाच होता.

"काढ तो," बाई तिच्यावर कडाडल्या.

तिने शांतपणे नकारार्थी मान हलवली आणि गळ्याचं बटण लावलं. इकडे बाईंचा मोकळा गळा आवळला गेला.